आत्यांचा मंगळवार

आमच्या आत्यांना कुणी तोंडावर भित्री म्हटलं असतं, तर त्याची धडगत नव्हती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. मंगळवेढ्याकडच्या माळावर त्यांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. उघड्यावर झोपायचं, कुत्री भुंकली की काठी घेऊन उठायचं, लांडग्याला हाकलायचं आणि सकाळी काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चूल पेटवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धास्ती होती ती त्यांच्या आवाजाची. माळावर लांब गेलेल्या माणसाला हाक मारायला कमावलेला तो आवाज. दोन खोल्यांच्या घरात त्या नुसतं ‘मीठ दे’ म्हणाल्या तरी मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं.

सासरे वारले, मेंढरं विकली आणि आत्या आमच्याकडे सोलापुरात आल्या. त्यांचा मुलगा महिपती, म्हणजे माझे मालक, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. मी तिथंच दुसऱ्या एका कारखान्यात टॉवेलांचे काठ शिवते. आम्हाला एकच मुलगी, राजनंदिनी. एवढं मोठं नाव आत्यांनीच ठेवलं आणि त्याच तिला ‘नंदे’ म्हणून हाक मारतात. घर तिसऱ्या मजल्यावर. शहरातलं काही म्हणजे काही त्यांना पसंत पडलं नाही. पाण्याला चव नाही, दूध पातळ, शेजारीण दार लावून जेवते. पसंत पडला तो फक्त मंगळवारचा बाजार.

मंगळवारी सकाळपासून त्यांची लगबग. धुवट लुगडं, कापडी पिशवी, आणि रिक्षा नको म्हणजे नको, चालतच जायचं. बाजारात मेथीची जुडी हातात घ्यायच्या आधी त्या विकणारीचं गाव, माहेर, लेकरंबाळं सगळं विचारून घ्यायच्या. एवढी ओळख झाली की मग भाव पाडून मागायच्या. ती बाई बिचारी आता नाही कसं म्हणणार? मी एकदाच बरोबर गेले होते. लाजेनं माझी मान वर होईना.

पण भाजी हे निमित्त. खरं कारण अंबुबाई. आत्यांची ही धाकटी बहीण अक्कलकोटच्या पलीकडं दिलेली. मंगळवारी ती गावच्या बायकांबरोबर जीपमधून गावरान अंडी विकायला यायची आणि दुपारी त्याच जीपमधून परत जायची, त्यामुळं आमच्या घरापर्यंत यायला तिला कधी सवड नसायची. फोनवर बोलावं तर तिला कमी ऐकू येतं, समोर उभं राहून ओरडावं लागतं. म्हणजे दोघींची गाठ पडायची ती बाजारात, अंड्यांच्या टोपलीपाशी, दुसरीकडं कुठंच नाही. आत्या तिच्या शेजारी पोत्यावर बसून राहायच्या. घरी आल्या की आठवडाभर ‘अंबी असं म्हणली, अंबी तसं म्हणली’ चालायचं.

मग कोरोना आला. बाजार बंद, जीप बंद, कारखाने बंद. सगळं जगच घरात बसलं, त्यात आत्याही बसल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर महादेवप्पा म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहायचे. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे आणि जाता येता आत्यांशी अर्ध्या कानडीत भांडायचे. निर्बंध जरा सैल झाले तसे ते ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून पिशवी घेऊन बाजारात गेले. आठवडा झाला नसेल, त्यांना न्यायला गाडी आली. ते परत आले नाहीत. आत्या गॅलरीत उभ्या राहून ती गाडी वळेपर्यंत बघत होत्या. मग आत आल्या आणि ज्वारी निवडायला बसल्या.  मला वाटलं, बाई किती घट्ट मनाची.

लस आली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये काय काय बोललं जायचं ते विचारू नका. कुणी म्हणे हात कायमचा लुळा पडतो, कुणी म्हणे वर्षाच्या आत माणूस खलास. आत्यांनी सगळ्यांना झापलं. ‘‘मेंढरं गप टोचून घेत्यात आन् तुमी मानसं आसून रडताय व्हय रं?’’ जिना उतरताना हे इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की दोन घरं त्यांच्या मागोमाग येऊन रांगेत उभी राहिली. पहिला डोस झाला, दुसरा झाला. अंगात ताप भरला तो त्यांनी घोंगडी पांघरून काढला. मधल्या काळात बाजारही पहिल्यासारखा भरायला लागला होता. तब्येत खडखडीत झाल्यावरच्या मंगळवारी मी म्हटलं, ‘‘आत्या, आता मोकळ्या झालात. जावा बाजाराला.’’

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

‘‘तू जा. पोरीचं ऱ्हायलंय की.’’

पोरीचं म्हणजे नंदिनीच्या लसीचं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि एवढ्या लहान मुलांना लस नव्हती. पोरीच्या लसीचा आणि यांच्या बाजाराचा संबंध काय, ते मला कळेना. तेव्हा त्यांनी कोकरांची हकीकत सांगितली.

त्या नव्या नवरी असताना एका साली मेंढरांवर देवीची साथ आली होती. सरकारी डॉक्टर येऊन मोठी मेंढरं टोचून गेले. कोकरं तीन महिन्यांच्या आतली होती, ती टोचायची नव्हती. मोठी टोचली म्हणजे आता भ्यायचं कारण नाही, असं समजून त्यांच्या सासऱ्यांनी काही मेंढरं बाजारात विकायला नेली. खपली नाहीत ती परत आणली आणि वाघरीत सोडली. वाघर म्हणजे मेंढरं रात्री आत कोंडायची जाळी. बाजारातून आलेल्या मेंढरांना काही झालं नाही, कोकरं मात्र एकामागून एक गेली. आत्यांनी ती स्वतःच्या हातानं पुरली. तेव्हापासून त्यांच्या घराण्यात नेम पडला. बाजारातून परत आलेलं जनावर थेट वाघरीत घ्यायचं नाही, आणि कोकरं टोचून झाल्याशिवाय मोठ्यांनीही बाजाराचं तोंड बघायचं नाही.

‘‘टोचलेली मेंढी सोता मरत न्हाय,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘पर लोकरीतनं घिऊन येती. मरतं कोकरू.’’

खरं सांगते, तेव्हा मला ते पटलं. टीव्हीवरचे डॉक्टरही तेव्हा काहीसं असंच सांगत होते. नुसतं पटलंच नाही, तर मला अभिमान वाटला. माझ्या लेकीसाठी स्वतःचा मंगळवार सोडणारी सासू किती जणींच्या नशिबात असते? पुढं काय वाढून ठेवलंय याचा मला अंदाज आला नाही. कोकरू तीन महिन्यांत टोचण्याजोगं होतं. पोरगी होत नाही.

आमच्या घरात वाट बघणं सुरू झालं. अठराच्या वरच्यांना लस आली. आत्या म्हणाल्या, ‘‘वय खाली उतरायलंय बग.’’ पंधराच्यांना आली. आत्या टीव्हीसमोरून हलेनात. बाराच्यांना आली तेव्हा त्यांनी नंदिनीला भिंतीला टेकवून उभी केली आणि डोक्यावर हात ठेवून बघितलं, जशी काही लस उंचीवर मिळते. पण बारावर येऊन सगळं थांबलं. त्याच्या खाली काही सरकेना. पोरगी तेव्हा दहाची.

दरम्यान जग उठून कामाला लागलं. लग्नं, जत्रा, बारशी सगळं पहिल्यासारखं. मास्क लोकांच्या हनुवटीवर आले, मग खिशात गेले, मग गॅस पुसायला लागले. नंदिनी रोज व्हॅनमध्ये कोंबून शाळेत जात होती. मी एका शेडमध्ये बायकांच्या मांडीला मांडी लावून दिवसभर मशीन चालवत होते. बाहेर जात नव्हत्या त्या फक्त आत्या. मी किती वेळा सांगितलं, ‘‘अहो आत्या, पोरगी दिवसभर एवढ्या पोरांत बसते. तुम्ही घरात बसून कसली राखण करताय?’’

‘‘ती जाती ती शिकाया. तू जातीस पोटाला. मी कशापायी जायाचं? कोथमिरीपायी?’’

 वाद घालायला बसले की त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर, आणि सगळं मिळून चूक.

मी बाजारातून आले की मला उंबऱ्याबाहेर उभं करायच्या. पिशवी बाहेर, चपला बाहेर, हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पहिल्या वर्षी ते ठीक होतं, सगळेच करत होते. तिसऱ्या वर्षी शेजारणी दारात येऊन हसायच्या. आठवडाभर मशीनवर वाकायचं, मंगळवारच्या सुटीला बाजाराचं ओझं तीन मजले चढवायचं, आणि दारात न खपलेल्या मेंढीसारखं उभं राहायचं. माझं डोकं फिरायचं. मी नवऱ्याकडे बघायची. नवरा टीव्हीकडे बघायचा. ‘‘आईला काय सांगणार?’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदाच त्यांनी धाडस केलं. नंदिनीला शाळेत धनुर्वाताची सुई दिली होती. पोरगी दंड चोळत घरी आली. यांना तेवढंच निमित्त मिळालं. ‘‘आई, झालं की गं काम! नंदीला टोचलं शाळेत. आता खुशाल जा बाजाराला.’’ आयुष्यात कधी धड खोटं न बोललेला माणूस, कान लालबुंद झालेले. आत्यांनी नातीला जवळ ओढली, दंड बघितला आणि विचारलं, ‘‘कशाची टोचली?’’

‘‘धनुर्वाताची,’’ पोरगी म्हणाली. तिला कुणी पढवलंच नव्हतं.

आत्यांनी मुलाकडं नुसतं बघितलं. हे उठून दुकानात गेले आणि काहीही न आणता परत आले.

आत्यांचा दिवस म्हणजे दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. खालून बकऱ्यांचा कळप गेला तर गॅलरीच्या गजांना नाक लावून दिसेनासा होईपर्यंत बघायच्या. पाय आखडत गेले. रानोमाळ हिंडलेली बाई, तिला मोरीतून उठताना भिंत धरावी लागायला लागली. आणि आवाज बसला. ज्या आवाजाची मला धास्ती होती, तो आता ‘काय म्हणालात?’ म्हणून पुन्हा विचारून घ्यावा लागायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी भडभडून यायचं. दोन्ही एकदम आलं की बाई भांडी आपटते. मी आपटली.

घरात एक माणूस कोंडलेलं असलं की घरच कोंडतं. सणाला कुणाकडे जायचं नाही, कारण आत्या एकट्या राहतात. कुणाला बोलवायचं नाही, कारण आत्या दार उघडू देत नाहीत. माझा भाऊ भाऊबीजेला आला तो जिन्यातच ओवाळून घेऊन गेला. वहिनी मला नंतर फोनवर म्हणाली, तुमच्याकडे अजून कोरोना आहे का हो? मी हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले.

सगळ्यात अवघड होतं ते मंगळवारी बाजारात अंबूमावशीसमोर उभं राहणं. ती टोपली पुढ्यात घेऊन बसलेली असायची. मला बघितलं की आधी माझ्या मागं बघायची. मागं कुणी नाही म्हटल्यावर विचारायची, ‘‘अक्का न्हाय आली?’’

‘‘पुढच्या खेपेला!’’ मी ओरडून सांगायची. ती थोडी अंडी कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवायची. ‘‘अक्काला उकडून दे. तिला लई आवडत्यात.’’

असं किती दिवस चालणार? एका मंगळवारी ती स्वतःच उठली. टोपली शेजारणीच्या हवाली केली, जीप चुकली तर एसटीनं जाईन म्हणाली आणि माझ्याबरोबर निघाली. तीन जिने चढताना धापा टाकत होती, पण चेहरा लग्नाला निघाल्यासारखा.

आमचं आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं दार लावलेलं. चाहूल लागून आत्या आल्या. बहिणीला बघितलं आणि त्यांचे दोन्ही हात जाळीवर आले. मला वाटलं, आता कडी काढतात. हात तिथंच राहिले.

‘‘अंबे, बाजारातनं आलीस?’’

‘‘काय?’’

‘‘बाजारातनं आलीस का म्हणलं!’’

‘‘मग कुटनं यीन? उगड की गं. पाय दुकायल्यात माजं.’’

आत्यांनी कडी काढली नाही. ‘‘पोरीचं ऱ्हायलंय!’’ बहिणीला ऐकू जावं म्हणून त्यांना ओरडावं लागलं. ‘‘नंदीला अजून टोचलं न्हाय! तुला ठावं हाय की नेम!’’ अख्ख्या बिल्डिंगनं ते ऐकलं. सकाळची शाळा करून येऊन आत अभ्यास करत बसलेल्या नंदिनीनंही ऐकलं. ती उठून आज्जीच्या मागं येऊन उभी राहिली.

अंबूमावशीनं जाळीतून बोटं आत घातली. आत्या मागं सरकल्या. एक पाऊलच सरकल्या, पण मावशीचा चेहरा मी बघितला आणि मला आत्यांचा असा संताप आला, की मी हात घालून कडी काढायला गेले. मावशीनंच माझा हात धरला.

‘‘ऱ्हाऊ दे वैजयंती. मी बाजारातनं परत आलेलं जनावर. न्हाय घेत वाघरीत.’’ अंड्यांची पुडी तिनं उंबऱ्याशी ठेवली. ‘‘अक्के, आता तू आलीस तरच गाट. मी न्हाय यायची पुन्ना.’’

आत्या जाळीमागं उभ्या राहिल्या. मावशी भिंतीला धरून जिना उतरत गेली. त्यानंतर बाजारात ती मला अंडी द्यायची, पण माझ्या मागं बघायची नाही आणि अक्काचं नावही काढायची नाही.

त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा नंदिनीनं विचारलं, ‘‘मम्मी, आज्जी माझ्यामुळं कोंडलीय का?’’ मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, माझ्या तोंडावरूनच तिला कळलं असणार. तेव्हापासून तिनं वाढदिवस जवळ आला की केक मागायचं सोडलं. नुसतं विचारायची, ‘‘बारा पूर्ण व्हायला पायजेत का, की बारावं लागलं तरी चालतंय?’’ आता घरात वाट बघणाऱ्या दोघी झाल्या.

बारा पूर्ण झाले. पोरीला दवाखान्यात मी नेते म्हटलं, तर आत्या मोरीतून न्हाऊन आलेल्या. ‘‘कोकरू टोचाया धनगरीण सोता नेती,’’ म्हणाल्या. लसीसाठी बाहेर पडायला नेमाची आडकाठी नव्हती. एकावर एक दोन मास्क लावले. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा घट्ट धरून उतरल्या. रस्त्यावर पाऊल पडलं तेव्हा उन्हानं डोळे मिटून घेतले आणि नातीचा खांदा पकडला. चालत जायचा हट्ट या वेळी केला नाही. आम्ही रिक्षा केली.

सरकारी दवाखान्यात सुया देणारी सिस्टर तरुण होती. मुलीला कोरोनाची लस द्यायचीय, असं मी सांगितलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आत्यांच्या दोन मास्कांकडे.

‘‘कोरोनाची? ती आता कुठं, ताई? आमच्याकडे येणं कधीच बंद झालं. कुणी विचारतसुद्धा नाही.’’ हसली नाही बिचारी, पण हसू दाबलेलं कळत होतं.

‘‘मग कवा यील?’’ आत्यांनी विचारलं.

‘‘नाही येणार आता, आज्जी. मुलगी चांगली ठणठणीत आहे की. न्या घरी.’’

आत्या बाहेर येऊन बाकावर बसल्या. मास्कमुळं त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी नीट बघितलं नसतं, कारण मला आनंद झाला होता. लस येणारच नाही म्हणजे वाट बघायचं कारणच गेलं. नेम आपोआप मिटला. मी म्हटलं, ‘‘चला आत्या. आज मंगळवार. मावशी बसलेली असेल, इथूनच जाऊ.’’ त्या उठून रिक्षात बसल्या. मी तो होकार धरला.

रिक्षा बाजाराच्या तोंडाशी थांबली. माणसांना धक्के देतच पुढं जावं लागेल अशी गर्दी होती. पलीकडं, लसणाच्या ढिगाशेजारी अंबूमावशीची पाठ दिसत होती. नंदिनीनं उडी मारली आणि आज्जीला हात दिला. आत्यांनी हात धरला नाही. त्यांनी रिक्षाचा दांडा घट्ट धरला होता.

‘‘माघारी चला,’’ त्या म्हणाल्या.

माझा तोल सुटला. भर रस्त्यात मी बोलले, ‘‘आता काय राहिलं, आत्या? लस येणार नाही, ऐकलंत ना? अजून कुणाची वाट बघायची? तिचं लग्न होईपर्यंत बसणार आहात का?’’ रिक्षावाला मान खाली घालून मोबाईल बघायला लागला.

मध्ये नंदिनी बोलली. ‘‘आज्जी, मी येत नाही बाजारात. मी रिक्षातच थांबते. घरी गेल्यावर पण तुझ्याजवळ यायची नाही, गॅलरीत झोपते. तू किती दिवस म्हणशील तितके दिवस. तू जा अंबूआज्जीकडं.’’

पोरगी रडत नव्हती. तिनं हे आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. आज्जीसाठी स्वतःला वाघरीबाहेर बांधून घ्यायची तिची तयारी होती. आत्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही मास्क गळ्याशी ओढले.

‘‘तुजं काय न्हाय गं बाय. तुजं कवाच न्हवतं.’’ त्यांनी गर्दीकडं बघितलं. ‘‘मलाच भ्या वाटतं. महादेवप्पा असाच पिशवी घिऊन गेला. तवापासनं जिना बगितला की पाय म्होरं पडत न्हाय माजा. लांडगा आला तर दिसतो तरी. ह्याला कुटं बगू?’’

 इतकी वर्षं मी एका हट्टी सासूशी भांडत होते, आणि समोर होती एक घाबरलेली म्हातारी. कोकरांची हकीकत खरी होती, नेमही खरा होता, फक्त मला बाजारात धाडताना तो कधी आड आला नव्हता. पण सारजाबाई भ्याली असं म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती, म्हणून त्या नेमाच्या आड लपल्या होत्या. लसीची वाट बघता येते. ही भीती जायची वाट कुठं बघायची, आणि ती गेली हे येऊन सांगणार कोण?

मी गर्दीतून मावशीकडं गेले. एवढ्या लोकांत काय ओरडून सांगणार? खुणेनं रिक्षा दाखवली. मावशी उठली, टोपली तिथंच सोडली आणि झपझप आली. पण रिक्षाशी आल्यावर थांबली, हातभर अंतर ठेवून.

‘‘टोचलं व्हय पोरीला?’’

आत्यांनी नकाराची मान हलवली.

‘‘मग आलीस कशी?’’

आत्या काहीतरी पुटपुटल्या.

‘‘काय? मोट्यानं बोल की.’’

‘‘भ्या वाटतं म्हणलं.’’

‘‘आयकू यीना गं अक्के!’’

मग आत्या ओरडल्या. ‘‘मला भ्या वाटतं! म्हणून यीत न्हवते! पोरीचं नुसतं नाव करत हुते!’’

भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. आत्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. अंबूमावशी रिक्षात चढली, बहिणीला चिकटून बसली आणि तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

‘‘एवडंच व्हय? मला वाटलं, मीच नकुशी झाले.’’ तिनं आत्यांचा हात मांडीवर घेतला. ‘‘आगं, मला काय भ्या वाटत न्हाय? त्या साली आमच्या जीपमधल्या दोगी गेल्या. अजून पायरीवर पाय ठिवला की त्येंच्या जागंकडं नजर जाती माजी. दर मंगळवारी.’’

‘‘मग कशाला येतीस मरायला? गावात खपत न्हाईत व्हय अंडी?’’

‘‘खपत्यात की. व्यापारी दारात यिऊन निऊ लागलाय. हितल्यापरीस बरा भाव देतो.’’

‘‘मग?’’

मावशीला ते ऐकू गेलं की बहिणीच्या तोंडावरून कळलं, कोण जाणे.

‘‘तू एकांद्या मंगळवारी यिशील आन् मी हितं नसंन,’’ ती म्हणाली. ‘‘ह्येचं मला जास्त भ्या वाटतं.’’

 आत्यांचा एक हात मावशीच्या मांडीवर होता आणि दुसऱ्यानं त्यांनी दांडा अजून धरलेला होता. त्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या नाहीत. मीही त्यांना पुन्हा उतरा म्हटलं नाही.